घरच्यांसाठी राखलेला डबा

"झाडपाल्याचं औषध आहे, त्यानं काय अपाय होणार?" हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी म्हटलेलं आहे. तैवानमधल्या नेइपू गावात लो वैद्यांच्या दुकानात तर ते दिवसातून दहादा ऐकू यायचं, आणि त्यातल्या निम्म्या वेळा खुद्द लो वैद्यांच्याच तोंडून.

लो चिन-फा यांचं वय शहात्तर. दुकानाची मागची भिंत छतापर्यंत लाकडी कप्प्यांनी भरलेली आणि कप्प्यांच्या वर शेन्नोंग देवाची तसबीर. वनस्पती स्वतः चाखून माणसांना औषधं शिकवणारा हा देव, म्हणून तसबिरीत त्याच्या तोंडात पान. वैद्यांनी देवाची रीत तंतोतंत उचलली होती. माल आला की पोतं सोडायचं, एक तुकडा दाताखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि मग मान हलवायची, आडवी किंवा उभी. आडवी हलली की पोतं आल्या पावली परत. "चव्वेचाळीस वर्षं ही जीभ माल तपासतेय," ते म्हणायचे, "हिला अजून कोणी फसवलेलं नाही."

दुसरी त्यांची वस्तू म्हणजे काष्ठौषधी कापायची पाती. तिच्या धारेला एक बारीकसा दात पडला होता, त्यामुळे कापलेल्या प्रत्येक चकतीवर केसाएवढी रेघ उमटायची. बायको पाओ-च्यू किती वेळा म्हणाली, पाती बदला. वैद्य ऐकायचे नाहीत. रेघ दिसली की माल लोच्या दुकानचा, हे तीन गावांतल्या बायका ओळखायच्या.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मुथोंग नावाच्या वेलीचं खोड बाळंतिणींना देतात. डुकराच्या पायांबरोबर त्याचा काढा शिजवला की अंगावरचं दूध उतरतं, लघवीची जळजळ थांबते. त्या वर्षी दोन व्यापाऱ्यांकडून दोन पोती आली. दोघांचंही म्हणणं, हेच मुथोंग. वैद्यांनी दोन्ही चाखली. एक सौम्य, दुसरं कडूजहर. इतकं कडू की पाओ-च्यूनं चाखून अंगणात जाऊन चूळ भरली. वैद्यांचा चेहरा मात्र खुलला. जेवढं कडू तेवढं जोरकस! सौम्य पोतं परत गेलं. त्यानंतर बारा वर्षं गावातल्या बाळंतिणींना तेच कडू लाकूड मिळालं.

मग सरकारचा हुकूम आला की त्या कडू वेलीनं मूत्रपिंडं निकामी होतात, विक्री बंद. वैद्य हुकूम मोडणारे नव्हते. त्यांनी कप्पा रिकामा केला, सौम्य जातीचं मुथोंग भरलं. पण मनातून त्यांना ते पटलं नाही. असलं पाणचट औषध आपल्या माणसांना कसं द्यायचं? म्हणून उरलेल्या चकत्या त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात भरल्या, झाकणाला मेण लावलं आणि डबा माळ्यावर ठेवला. दुकानासाठी नाही, फक्त घरच्यांसाठी. जगाला देतो त्यापेक्षा चांगलं घरच्यांना द्यावं, एवढीच त्यामागची माया होती. तुमच्या-माझ्या घरातही असा एखादा डबा असतोच.

लेक श्यू-छिन ही त्यांची थोरली. तिची दोन्ही बाळंतपणं माहेरी झाली, हुकूम येण्याच्या आधी. पहिल्या वेळी दूध उतरेना, तेव्हा वैद्यांनी दिवसाच्या दोन वाट्यांच्या चार केल्या. पोर नाक दाबून प्यायची आणि वाटी पालथी करून दाखवायची, "बघा आबा, संपवलं." पुढे कधी लघवीला जळजळ झाली की तिला डब्यातली चिमूट मिळायची. डब्यातली चिमूट मिळणं म्हणजे लाडकी असणं.

श्यू-छिनची मूत्रपिंडं त्रेचाळिसाव्या वर्षी थकली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. पाच वर्षांनी लघवीतून रक्त गेलं, गाठ निघाली, शस्त्रक्रियेत एक मूत्रपिंड मूत्रनलिकेसकट काढावं लागलं. वैद्य म्हणत राहिले, "नशीब! त्या डॉक्टरांच्या गोळ्या खाऊन खाऊन झालं असणार."

अशा वेळी धाकट्या मुलाची बायको यी-रू हिला आठवा महिना लागला. लग्नानंतर नऊ वर्षांनी पाळणा हलणार होता. एका दुपारी पाओ-च्यूनं शिडी लावली, माळ्यावरून डबा काढला आणि फडक्यानं पुसून दुकानातल्या मेजावर ठेवला.

"अहो, खाटकाला पाय सांगून ठेवलेत. चकत्या पुरतील ना चाळीस दिवस?"

वैद्यांनी मेण खरवडलं, झाकण उघडलं. आतल्या चकत्या पिवळट, चाकासारख्या, आणि प्रत्येकीवर ती रेघ. "पुरतील. सूनबाईला म्हणावं, तोंड वाकडं करायचं नाही. श्यू-छिननं कधी केलं नाही."

नेमकी त्याच वेळी श्यू-छिन दारात आली. डायलिसिसहून आली की तिचा चेहरा ओल्या कागदासारखा दिसायचा. तिच्यासोबत तिची शाळेतली मैत्रीण फेंग सू-युन होती. सू-युन काओश्युंगच्या एका प्रयोगशाळेत औषधी वनस्पती तपासायची. त्या वनस्पती माणसाच्या पेशींतल्या जनुकांना धक्का लावतात का, हे पाहायचं तिचं काम. तीन वर्षांपूर्वी ती दुकानातल्या प्रत्येक कप्प्यातली चिमूटभर औषधं मागायला आली होती, तेव्हा वैद्यांनी तिला वाटेला लावलं होतं. "माझी जीभ आहे ना तपासायला! तुझी यंत्रं काल जन्मली."

आज त्यांनी तिला पाहून भुवई चढवली. "काय सू-युनबाई, पुन्हा पुड्या बांधायला?"

"नाही काका. श्यू-छिनच्या गाठीचा अहवाल घेऊन आलेय. तिनंच सांगितलं, आबांसमोर वाच."

श्यू-छिन स्टुलावर बसली. बसता बसता तिची नजर मेजावर गेली आणि तिथंच खिळली.

"आबा... हा डबा अजून आहे?"

"आहे तर! तुझ्या भावजयीसाठी काढलाय."

श्यू-छिननं दोन्ही हात मांडीवर घट्ट दाबून धरले. मग सू-युनकडे पाहून म्हणाली, "सांग तू."

सू-युनला सांगणं जड जात होतं. लहानपणी डांग्या खोकला झाला तेव्हा याच माणसाच्या काढ्यानं ती बरी झाली होती. तिनं मेजावरची एक चकती उचलली आणि रेघेवरून बोट फिरवलं.

"काका, ही चकती मी कुठंही पाहिली, अगदी तैपेइच्या बाजारात, तरी सांगेन की लो काकांच्या पातीची आहे. होय ना?"

"आंधळासुद्धा सांगेल."

"तसंच आहे हे. जनुकांना इजा करणारं प्रत्येक विष आपापली खूण मागं ठेवतं. तंबाखूची वेगळी, उन्हाची वेगळी. या वेलीचीही एक आहे आणि ती दुसऱ्या कशाचीच नाही. श्यू-छिनच्या गाठीत ती हजारो ठिकाणी सापडलीय."

माणूस आपली चूक इतक्या सहजी मान्य करतो का? वैद्य उसळले.

"बारा वर्षं दिलं मी हे! पन्नास बाळंतिणी उठून कामाला लागल्या. एक तरी त्या वेळी आजारी पडली का?"

"त्या वेळी नाही पडली. तोच तर घात आहे. जीभ कडू सांगते, आंबट सांगते, सडलेलं सांगते. वीस वर्षांनी काय होईल हे ती कशी सांगणार? आणि वीस वर्षांनी एखाद्या बाईच्या लघवीतून रक्त गेलं तर ते बाळंतपणातल्या काढ्याशी कोण जोडणार?"

"म्हणजे आमचे वाडवडील मूर्ख होते?"

"नव्हते. दुसऱ्या दिवशी कोण बरं झालं, ते त्यांनी बारकाईनं पाहिलं. त्यापुढचं पाहायला त्यांच्यापाशी साधनच नव्हतं. आपल्यापाशी आहे आणि तरी पाहायचं नाही म्हटलं तर काय म्हणायचं?" मग तिनं तसबिरीकडे बोट केलं. "देवच म्हणायचं, तर तोही शेवटी एक विषारी वेल चाखूनच गेला ना?"

"आणि तुमच्या डॉक्टरांच्या गोळ्या? त्या काय धुतल्या तांदळासारख्या?"

"मुळीच नाहीत. म्हणून तर त्या तपासल्याशिवाय बाजारात येत नाहीत. मग तुमच्याच औषधांना का वगळायचं? ती इतकी हलकी आहेत का, की कोणी तपासायचीही तसदी घेऊ नये? तुमचा खोकल्याचा काढा मी तपासलाय काका, माझ्या घरून नेऊन. निर्दोष निघाला. मी आजही तोच उकळते."

वैद्यांनी डब्यातली एक जाड चकती उचलली, तोंडात टाकली आणि कराकरा चावली. "हे बघा! खातोय मी! होऊ दे मला काय व्हायचं ते!"

श्यू-छिन ताडकन उठली. डायलिसिसच्या सुयांची पट्टी अजून दंडावर होती. तिनं बापाची हनुवटी धरली, तोंडात बोट घातलं आणि चावलेलं लाकूड बाहेर काढलं, लहान पोराच्या तोंडातली माती काढावी तसं.

"थुंका, आबा! थुंका म्हणते ना!"

वैद्य थुंकले. पाओ-च्यूनं पाणी पुढे केलं. मग श्यू-छिन हळू आवाजात म्हणाली, "पाच वर्षांपूर्वी डॉक्टरांनी विचारलं होतं मला, कसली झाडपाल्याची औषधं घेतलीत का म्हणून. मी नाही म्हणाले. तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाले. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, कोणाच्या दुकानातली."

"अगं पण का?" पाओ-च्यूला रडू फुटलं.

"आबांचं नाव आहे ना तीन गावांत," श्यू-छिन म्हणाली. "तेव्हाच खरं बोलले असते तर डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी तपासलं असतं, गाठ लहान असताना सापडली असती. ते जाऊ दे. पण यी-रूला हे देऊ नका, आबा. मी प्याले तेवढं पुरे झालं."

लो वैद्य मेजावरच्या डब्याकडे बघत राहिले. आपण लेकीला काय पाजलं! आणि लेकीनं काय झाकलं, तर आपलं नाव! जे विष सरकारच्या एका कागदानं साऱ्या गावापासून दूर झालं, ते आपण मेण लावून जपलं, कोणासाठी तर आपल्याच पोटच्या पोरीसाठी! त्यांनी झाकण उचलून सू-युनच्या हाती दिलं. तिनं ते बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लो वैद्य डबा मांडीवर घेऊन काओश्युंगच्या बसमध्ये बसले. सू-युन म्हणाली होती की मीच नेते, पण त्यांनी दिला नाही. प्रयोगशाळेत एक अर्ज भरायचा होता. नमुना कोणाकडून आला त्या जागी नाव लिहिलंच पाहिजे असं नाही, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. वैद्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं, लो चिन-फा, नेइपू. मग पिशवीतून एकेक करत दुकानातल्या सगळ्या कप्प्यांच्या पुड्या काढून मेजावर मांडल्या. त्यांची स्वतःचीही तपासणी झाली. आयुष्यभर माल चाखूनही त्यांची मूत्रपिंडं शाबूत निघाली. ते चाखायचे चिमूट आणि श्यू-छिन प्यायची वाट्यांमागून वाट्या. डॉक्टरांनी अभिनंदन केलं तेव्हा म्हाताऱ्याला मान वर करवेना.

यी-रूला मुलगी झाली. पाओ-च्यूनं डुकराचे पाय शिजवले, त्यात नुसते शेंगदाणे घातले. घरात सगळ्यांचा जीव टांगणीला. चौथ्या दिवशी दूध उतरलं, तेही बाळाला पुरून उरेल एवढं.

श्यू-छिन भाचीला पाहायला आली होती. डायलिसिसमुळे तिला पाणीही मोजून प्यावं लागे, म्हणून पाओ-च्यूनं चमचाभरच रस्सा तिच्या पुढे धरला. तिनं तो जिभेवर घोळवला.

"गोड लागतं गं आई," ती म्हणाली. "बाळंतिणीचा रस्सा गोड असतो, हे मला माहीतच नव्हतं."

लो वैद्य दाराशी उभे होते. ते मागच्या मागे वळले, दुकानात गेले आणि तसबिरीखाली बसून हमसाहमशी रडले. चव्वेचाळीस वर्षांत त्या दुकानात त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं.

पुढच्या चार महिन्यांत दुसऱ्या बाजूलाही गाठ निघाली आणि ती फुप्फुसात पसरली. वैद्य रोज इस्पितळात जायचे, लेकीचे पाय चेपायचे. एकदा त्यांनी क्षमा मागायला तोंड उघडलं, तेव्हा तिनं मान हलवली. "तुमच्या हातचं होतं म्हणून प्याले, आबा. दुसऱ्या कोणाचं असतं तर तोंडात तरी घेतलं असतं का?" तिनं ते प्रेमानंच म्हटलं होतं. वैद्यांना ते मरेपर्यंत पुरणार होतं.

श्यू-छिन वसंतात गेली. अस्थी ठेवून घरी आल्यावर अकराव्या दिवशी प्रयोगशाळेचं पाकीट आलं. दोनशे चार पुड्यांपैकी एकशे शहाण्णव निर्दोष. सात पुड्यांबद्दल आणखी तपासण्या हव्यात, तोवर विकू नयेत. आणि डब्यातलं लाकूड, तेच ते. पेशींवर टाकताच त्यानं तीच खूण सोडली होती, जी श्यू-छिनच्या गाठीत सापडली होती. वैद्यांनी तो कागद दोनदा वाचला. मग दुकानाचं दार ओढून घेतलं, टोपी घातली आणि बाहेर पडले.

पहिलं घर श्ये बाईंचं. चौकात त्यांची तांदळाच्या शेवयांची टपरी. वय साठीला आलेलं, आवाज खणखणीत.

"या या वैद्यबुवा! पातळ रस्सा की सुक्या?"

"काही नको. श्ये बाई, तुमच्या तिन्ही बाळंतपणांत मी मुथोंगचा काढा दिला होता. तुम्ही इस्पितळात जाऊन मूत्रपिंडं तपासून घ्या. लघवीही. आणि मग दर वर्षी."

श्ये बाई हसल्या. "काय हो हे! तुमच्याच काढ्यावर माझी तीन पोरं पोसली आणि आता तुम्हीच त्याला नावं ठेवता? झाडपाल्याचं औषध होतं, त्यानं काय अपाय होणार? हे तर तुमचंच वाक्य!"

"माझंच. म्हणून ते परत घ्यायला मीच आलोय."

श्ये बाईंचा हात झाऱ्यावरच थांबला. त्यांनी वैद्यांकडे नीट पाहिलं. दंडावरची सुतकाची काळी फीत, खोल गेलेले डोळे. आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "वैद्यबुवा, श्यू-छिन... त्यानंच गेली का हो?"

श्यू-छिन गेल्यापासून लोक हा प्रश्न टाळत होते आणि वैद्य उत्तर टाळत होते. नशीब म्हणता आलं असतं, वय म्हणता आलं असतं. शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला कोण खोदून विचारणार होतं?

"हो," लो वैद्य म्हणाले. "त्यानंच गेली. मीच दिलं होतं."

श्ये बाईंनी शेगडी बंद केली, ओले हात न पुसताच कपाळाला लावले आणि थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग पिशवी उचलली. "चला. कोणत्या इस्पितळात जायचं ते दाखवा."

त्या वर्षी लो वैद्य सत्तेचाळीस घरी गेले. कोणी शिव्या दिल्या, कोणी दार लावून घेतलं, एका नवऱ्यानं अंगावर पाणी टाकलं. वैद्य दुसऱ्या दिवशी पुन्हा त्या दारात उभे. त्यांतल्या चौघींची दुखणी वेळेवर सापडली. श्ये बाई त्यांतल्याच एक. त्या आज टपरीवर उभ्या आहेत.

दुकान अजून चालू आहे. देवाची तसबीर जागच्या जागी आहे, पातीही तीच. पण आता पोतं आलं की आधी पुडी काओश्युंगला जाते आणि उत्तर येईपर्यंत पोत्याचं तोंड शिवलेलं राहतं. एखादी नवी सून विचारते, "वैद्यबुवा, हे चाखून पाहिलंत ना?" तेव्हा ते मान हलवतात. "चाखून नाही पोरी, तपासून."

बंधूंनो आणि भगिनींनो, वाडवडिलांची औषधं टाकून द्या असं लो वैद्य कोणालाही सांगत नाहीत आणि मीही सांगत नाही. दोनशे चारपैकी एकशे शहाण्णव पुड्या निर्दोष निघाल्या, हे विसरू नका. पण जुनं आहे, झाडाचं आहे, आपल्या माणसाच्या हातचं आहे, एवढ्यानं ते निर्धोक ठरत नाही. आणि डॉक्टरांनी विचारलं की घरी काय काय घेता, तर कोणाचं नाव राखण्यासाठी खोटं बोलू नका. तुमच्या घरी माळ्यावर मेण लावून जपलेला एखादा डबा असेल, तर तो आजच खाली काढा आणि ज्याच्यावर तुमचा सर्वांत जास्त जीव आहे, त्याला देण्याआधी तपासायला द्या. लो वैद्यांना ते करायला अठरा वर्षं उशीर झाला.